हायवेवरची आमची जागा

रस्ता सरकारचा असतो, हे आमच्या गावात कुणालाच मान्य नाही. दिवाळी सरली, धान निघालं, की साकोलीहून सानगडीकडे जाणारा हायवे आमचं खळं होतो. पूर्वी ज्याचं त्याचं शेणानं सारवलेलं खळं असायचं. आता मशीन शेतातच धान मोकळं करून देतं, पण ते ओलं असतं आणि ओल्या धानाला खरेदी केंद्रावर कुणी हात लावत नाही. डांबर चांगलं तापतं. मग अर्ध्या रस्त्यावर धान पसरायचं आणि गाड्यांनी तुडवू नये म्हणून कडेनं दगड मांडायचे.

खरी गंमत संध्याकाळची. धान पोत्यात भरून घरी न्यायचं, दगड मात्र तिथंच ठेवायचे. का, तर उद्या जागा दुसऱ्यानं धरू नये म्हणून. एसटीच्या सीटवर रुमाल टाकतात, तसंच. वीतभर बांधासाठी एकमेकांची डोकी फोडणारी माणसं या दगडांचा मान ठेवतात, हे मी लग्न होऊन आले तेव्हा कौतुकानं पाहिलं होतं. सासऱ्यांना विचारलंही होतं, की मामाजी, अंधारात एखादा आदळला तर? ते हसले. "आतापावतर कोन आदळला?" म्हणाले. तोवर खरंच कुणी आदळलं नव्हतं.

माझा नवरा साकोलीत मोटारपंपाच्या दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. त्या संध्याकाळी तो मोटरसायकलनं घरी येत होता आणि समोरून तांदळाची पोती भरलेला ट्रक साकोलीकडे निघाला होता. ट्रकच्या बाजूला आमचे दगड होते. ड्रायव्हरला ते जवळ आल्यावर दिसले, त्यानं स्टिअरिंग वळवलं, आणि ट्रक नवऱ्याच्या अंगावर गेला. आज मी हे इतकं सरळ सांगते आहे. तेव्हा मला कुणी एवढंही सांगितलं नाही.

आवाज ऐकून सगळ्यात आधी मामाजी पोचले. त्यांच्या मागून गाव आलं. गावानं दोन कामं केली. ड्रायव्हरला खाली ओढून झोडपलं, आणि पोलिस यायच्या आत दगड उचलले. बायांनी रस्ता झाडून काढला. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्याचा एकुलता एक पोरगा गेला, वरून त्याच्याच मागे पोलिसांचा ससेमिरा नको, एवढंच प्रत्येकाच्या मनात होतं. माया होती ती, मी नाही म्हणत नाही. पण त्या मायेचा मला आजही राग येतो. पंचनाम्यात रस्ता लख्ख मोकळा निघाला.

दुःखाला आलेले पाहुणे गेल्यावर मी गोठ्यात बैलांसाठी तणस काढायला गेले. तणसाच्या ढिगामागे आमचे दगड रचून ठेवलेले होते, एकावर एक, नीट. एका दगडावर टायरचा काळा ओरखडा होता. मी तणस घेतलं आणि बाहेर आले. मामाजी ओसरीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं.

ड्रायव्हर झारखंडचा होता, तिशीच्या आतला. "साहब, रास्ते पे पत्थर थे," एवढं एकच वाक्य तो पहिल्या दिवसापासून म्हणत राहिला. ठाण्यात हसले त्याला. मालकानं दुसरा ड्रायव्हर ठेवला आणि अंग काढून घेतलं. गावात तर त्याचं नाव निघालं की बाया बोटं मोडायच्या: माणूस मारला आणि वरून लबाडी. मीही मोडली असतील. नवरा गेलेल्या बाईला राग धरायला कुणीतरी लागतं, आणि तो परका होता, ते बरंच होतं.

आमच्या घरी संध्याकाळी दिवा लावून पंचशील म्हणतात. मामाजी पुढे, आम्ही मागे, ही जुनी रीत. त्यांचा आवाज असा खणखणीत, की शेजारची काकू म्हणायची, बुद्धविहारात भोंग्याची गरज नाही. अपघातानंतर त्यांनी पंचशील सोडलं नाही. फक्त खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं, की त्यांचा आवाज बसायचा. मी आणि माझी लेक दोघीच ते म्हणायचो. लेकीला वाटायचं, आजोबांना बापाच्या आठवणीनं भरून येतं. मला माहीत होतं, ते कशानं. मी गप्प राहिले, कारण मला ते गप्पच हवे होते.

भरपाईचा दावा भंडाऱ्याच्या कोर्टात लागला. आमच्या वकिलानं बजावून ठेवलं होतं, की दगडांचा विषय निघाला तर नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. लेकीला नर्सिंगला घालायचं ठरलं होतं आणि तो दावा सोडला तर आमच्याकडे त्यासाठी दुसरं काही नव्हतं. मामाजी सगळ्यात आधी पोचले होते, म्हणून त्यांची साक्ष ठेवली. जाताना एसटीत मीच त्यांना म्हणाले, "मामाजी, पोरीकडे पाहून बोलजा." त्यांनी मान हलवली.

विमा कंपनीच्या वकिलानं इकडचं तिकडचं विचारून शेवटी सहज विचारावं तसं विचारलं, की रस्त्यावर दगड होते का. मागच्या बाकावर ड्रायव्हर बसला होता. मार खाल्ल्यापासून तो एका पायानं लंगडायचा. त्यानं मान वरसुद्धा केली नाही. काय उत्तर येणार, ते त्याला पाठ झालं होतं.

मामाजींनी कठड्याची लाकडी पट्टी धरली.

"होते," ते म्हणाले. "माहेच होते. धान भरलो अन् दगडं तसेच ठेवलो. जागा धराले."

आमच्या वकिलानं फाईल मिटली. ड्रायव्हरनं खांद्यावरचा गमछा तोंडाला लावला आणि तो तसाच बसून राहिला, किती तरी वेळ. मला त्या क्षणी त्याचा आणि मामाजींचा, दोघांचाही संताप आला. रडावं त्यानं आणि पाप फिटावं यांचं, आणि माझ्या पोरीचं काय?

परतताना एसटीत मी बोलले. एरवी सासऱ्यांपुढे आवाज चढवण्याची आमच्यात पद्धत नाही. "आता कायले बोलले तुम्ही? तुमचा पोरगा वापस आला काय?"

ते खिडकीबाहेर पाहत होते. "त्या पोराले सारे लबाड म्हनून राहिले होते, बाई," ते म्हणाले. "लबाड त मी होतो."

निकाल अजून लागायचा आहे. वकील म्हणतो, आता भरपाईला कात्री लागणार, किती ते त्यालाही ठाऊक नाही. ड्रायव्हरवरची फौजदारी केस वेगळी चालू आहे आणि तिथूनही मामाजींना बोलावणं आलं आहे. ते जाणार आहेत. मी अडवलं नाही. लेक साकोलीत कपड्याच्या दुकानात बसते आणि नर्सिंगचं नाव काढत नाही, ते मला जास्त लागतं. साक्षीनंतर पोलिस गावात येऊन सगळ्यांनाच दम देऊन गेले, तेव्हापासून गावही आमच्यावर फुगून आहे. ज्यांनी मायेनं दगड उचलले होते, त्यांनाच आता वाटतं, की म्हाताऱ्यानं घरचं मरण तर पाहिलंच, वर गावालाही नडवलं.

पोलिसांचा दम हंगामापर्यंत टिकला. यंदा पुन्हा हायवे पिवळा झाला. आमचं धान आम्ही अंगणात वाळवतो, थोडं थोडं, वेळ लागतो. परवा मी रस्त्यावर गेले, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत धान पसरलेलं आणि मधेच एक पट्टा काळाभोर, रिकामा. आमची जागा. शेजारच्या काकूचं धान तर तिच्या हद्दीत मावतही नव्हतं, जाड थर झाला होता.

"काकू, तिथं टाका ना," मी म्हणाले. "आमचं काही येत नाही आता."

"कायले वं बाई?" ती म्हणाली. "थे तुमची जागा होय." आणि वाकून तिनं आपला कडेचा दगड नीट लावला.

संध्याकाळी तिनं धान घरी नेलं. दगड तिथंच होते, तिचे आणि सगळ्यांचे. मामाजी उठले, खुंटीवरची टॉर्च घेतली आणि निघाले. हंगामभर रोज जातात. आमच्या रिकाम्या पट्ट्यावर, रस्त्याच्या कडेला उकिडवे बसतात आणि ट्रक आला की दगडांवर उजेड मारतात. कुणी ड्रायव्हर हात करतो, कुणी शिवी देतो. गावात हसतात. त्यांना जेवायला बोलवायला मला हायवेवर जावं लागतं.