संगप्पाचं रॅप, अतीकची मराठी

अतीकला लोक रॅपवाला पत्रकार म्हणायचे आणि म्हणताना हसायचे. हसेनात का. दहा वर्षं सोलापुरातल्या पोरांच्या रॅपवर लिहिणारा दुसरा माणूस होता कुठं? टॉवेलच्या कारखान्यातून सुटलेली पोरं नवी पेठेमागच्या बोळात जमायची. कुणी तेलुगूत, कुणी दखनीत, कुणी कानडीत सुरू व्हायचं, आणि हा गडी मोबाईल पुढं धरून उभा.

पण छापायचं ते शुद्ध मराठीत. वाचकाला कळलं पाहिजे, असं संपादकांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मग अतीक पोरांकडून अर्थ विचारून घ्यायचा आणि त्याचं मराठी करायचा, इतकं गुळगुळीत की शाळेच्या पुस्तकात खपावं. घरात स्वतः दखनी बोलणारा माणूस, पण त्या मराठीचा त्याला कोण अभिमान! लेख छापून आला की मोबाईलमधलं रेकॉर्डिंग पुसायचं, पुढच्या पोरासाठी जागा करायची. काम झालं, आता काय लोणचं घालायचंय त्याचं?

दुधनीचा संगप्पा त्या सगळ्यांत धारदार. आईवर कानडीत रॅप केलं होतं त्यानं. इंटरनेटवर टाक म्हटलं की, आधी स्टुडिओत नीट करतो म्हणायचा. गेल्या महिन्यात अक्कलकोट रस्त्यावर ट्रकनं उडवलं. पोरगं गेलं, त्याच्या मोबाईलचाही चुरा झाला.

काल त्याची आई सुंदरम्मा अतीकला शोधत कचेरीत आली.

"तम्मा, तुज्याकडं हाय म्हनं त्याचा आवाज. मी कधी ऐकलंच न्हाय की. घरात लाजायचा."

काहीतरी थाप मारावी असं अतीकला वाटून गेलं. शेवटी त्यानं संगप्पावरच्या आपल्या लेखाचं कात्रण काढलं.

"अव्वा, आवाज पुसला. मीच पुसला. एवढं उरलंय बघा."

आणि त्यानं वाचून दाखवलं, 'माते, तुझ्या श्रमांनी माझे जीवन उजळले.'

सुंदरम्मानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"चांगलं हाय. कानडीत काय म्हनला हुता?"

अतीकनं पुष्कळ डोकं खाजवलं. एक शब्द आठवेना. आठवणार कुठून, त्याला कानडी येतच नव्हती. स्वतःची त्याला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"मला त्यो अव्वा म्हनायचा," सुंदरम्मा म्हणाली. "ही माते कोन?"

कात्रण तिनं टेबलावरच ठेवलं आणि ती दुधनीची गाडी धरायला निघाली.