शिकागोच्या आजींचा माउथ ऑर्गन

साउथहॅम्प्टनला येऊन मला तेव्हा सहा वर्षं झाली होती. मी ऑडिओलॉजिस्ट आहे. लोकांचे कान तपासायचे, कुणाला कितपत ऐकू येतं त्याचा आलेख काढायचा आणि गरज असली तर हिअरिंग एड बसवून द्यायचं, हे माझं काम. आमच्या क्लिनिकचे बहुतेक पेशंट सत्तरीच्या पुढचे, जहाजांवर नाहीतर गोदीत आयुष्य काढलेले. त्यांच्या मागण्या साध्या असतात. टीव्ही ऐकू यावा, नातवंडं फोनवर काय म्हणतात ते कळावं.

त्या आजी आल्या तेव्हा त्यांचंही तसंच असणार असं मी गृहीत धरलं. वय ऐंशीच्या घरात, कृष्णवर्णीय, उंच, पाठ ताठ, डोक्यावर जांभळी लोकरी टोपी. बोलणं अमेरिकन.

"मूळच्या कुठल्या तुम्ही?" मी विचारलं.

"शिकागो, हनी. इथे येऊन पन्नास वर्षं होऊन गेली, पण दूध घातलेला चहा अजून मला जमत नाही."

मी आलेख काढला, मशीनं बसवली. महिन्याभराने त्या तक्रार घेऊन आल्या, मी आवाज थोडा वाढवला आणि "सवय होईल" म्हटलं. पुन्हा आल्या, पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही मशीनं एका पाकिटात घालून माझ्या टेबलावर ठेवली.

"ही खोटं बोलतात."

"खोटं म्हणजे?"

"मी एक सूर वाजवते, मला दोन ऐकू येतात. दुसरा नुसता थरथरतो, म्हातारी रडत असल्यासारखा. म्हातारी मी आहे, पण मी रडत नाहीये."

तेव्हा कुठे मी विचारलं, "वाजवता म्हणजे काय वाजवता?"

खरं तर हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. त्यांनी पर्समधून रुमालात गुंडाळलेला माउथ ऑर्गन काढला. वीतभरसुद्धा नाही, कडेचा मुलामा उडालेला. मी त्यांना तपासणीच्या बंद खोलीत नेलं, त्यांचं मशीन एका नळीने माझ्या कानाला जोडलं आणि वाजवा म्हटलं. त्यांनी एक लांब सूर धरला. दोन सेकंद तो सरळ गेला आणि मग खरंच, त्याच्यामागे एक चिरका, लटपटता सूर लागला.

कारण कळायला मला वेळ लागला नाही, लाज मात्र वाटली. हिअरिंग एडचा आवाज कानाच्या फटीतून बाहेर येऊन परत त्याच्याच माइकमध्ये शिरला की मशीन शिट्टी मारतं. ती दाबून टाकायची सोय आत केलेली असते. माउथ ऑर्गनचा लांब, सरळ सूर त्या बिचाऱ्या मशीनला आपलीच शिट्टी वाटत होता आणि ते त्याच्याशी झगडत होतं.

"उपाय आहे," मी त्यांना मोठ्याने सांगितलं. "ही सोय बंद करून फक्त संगीतासाठी एक वेगळा प्रोग्राम करू. पण मग खरी शिट्टी येऊ नये म्हणून कानात घट्ट बसणारा साचा लागेल."

साच्यासाठी कानात मऊ पेस्ट भरतात आणि ती घट्ट होईपर्यंत पाच मिनिटं थांबतात. मी वेळ वाचवायला दोन्ही कानांत एकदम भरली. त्यांना आता काहीच ऐकू येत नव्हतं, त्यामुळे मला मध्ये बोलायची सोय नव्हती. जबडा फार हलवू नका अशी मी खूण केली. त्यांनी मान डोलावली आणि ओठांतल्या ओठांत बोलायला लागल्या.

त्यांचे वडील दक्षिणेतल्या कापसाच्या शेतांवरून एक सूटकेस घेऊन रेल्वेने शिकागोला आले आणि कत्तलखान्यात कामाला लागले. रविवारी सकाळी एका रस्त्यावर मोठा बाजार भरायचा. तिथे ते माउथ ऑर्गन वाजवायचे.

"गावाकडे ते स्वतःसाठी आणि खेचरासाठी वाजवायचे. बाजारात मासे तळले जातायत, विक्रेते ओरडतायत, डोक्यावरच्या पुलावरून ट्रेन धडधडत जातेय. तिथे उघडा माउथ ऑर्गन कोण ऐकणार? मग रस्त्यावरच्या एखाद्या घराच्या खिडकीतून विजेची वायर खाली घ्यायची, स्पीकर लावायचा, माइक आणि माउथ ऑर्गन एकाच ओंजळीत धरायचे आणि वाजवायचं. गाणी गावचीच, पण ते शहर कुणासाठी थांबत नाही. त्याला थांबवावं लागतं."

त्यांची आई चर्चला जाणारी. असलं बाजारातलं गाणं घरात नको म्हणायची, म्हणून वडील माउथ ऑर्गन कोळशाच्या पेटीत लपवायचे. आजी तिथूनच तो काढून शिकल्या. पुढे सरोवरातून शिकागोच्या बंदरात आलेल्या एका इंग्रजी मालवाहू जहाजाच्या इंजिनीअरशी त्यांनी लग्न केलं आणि साउथहॅम्प्टनला आल्या. शाळेच्या कँटीनमध्ये तीस वर्षं स्वयंपाक केला. नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

"त्या बाजारात सगळेच कुठून ना कुठून आलेले होते, हनी. पण त्याची लाज वाटून घ्यायला कुणालाच वेळ नव्हता."

पेस्ट कधीच घट्ट झाली होती. मी दोन्ही ठसे काढून डबीत ठेवले. या देशात आल्यापासून मी आवाज खाली ठेवायला शिकत होते. बसमध्ये मराठीत फोन आला की पाठ वळवायची, मीटिंगमध्ये वाक्य मनात दोनदा म्हणून मग बोलायचं. सहा वर्षांत ते इतकं अंगवळणी पडलं होतं की माझं मलाच कळत नव्हतं.

त्या ठशांवरून बनवलेले साचे आले. प्रोग्राम बसवायला आम्हाला तीन भेटी लागल्या. मशीनचा स्वभाव असा की हळू आवाज मोठा करायचा आणि मोठा आवाज दाबायचा. आजींना ते चालेना. "मी जोर लावला की जोर ऐकू आला पाहिजे," म्हणायच्या. त्यांचा एक सूर होता, श्वास आत ओढून खाली वाकवलेला. मी लहानपणी तीन वर्षं गाण्याच्या क्लासला गेले होते, त्या भरवशावर मला तो आधी बेसूर वाटला. धड कोमल गंधार नाही, धड शुद्ध नाही. तो नेमका त्या दोघांच्या मध्येच हवा असतो हे त्यांनी मला चार-पाचदा वाजवून दाखवलं. तिसऱ्या भेटीत त्यांनी डोळे मिटून पाच मिनिटं वाजवलं आणि म्हणाल्या, "हा माझाच आवाज आहे. आता रविवारी आम्ही वाजवतो त्या पबमध्ये ये. दुपारी दोनला."

तेव्हा नागपूरहून सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. जेवताना मी त्यांना सगळं सांगितलं.

"मग मलाही घेऊन चल," त्या म्हणाल्या.

"अहो, पब आहे तो. दारू असते तिथे."

"असू दे की. आपण काय पिऊन राहिलो का?"

अशा रीतीने रविवारी दुपारी सासूबाई नऊवारी नव्हे, पण चांगल्या काठाच्या साडीवर माझं फुगीर जॅकेट घालून पबच्या कोपऱ्यात बसल्या. समोर संत्र्याचा ज्यूस आणि गरम तळलेल्या बटाट्याच्या जाड चिप्स. ड्रमवर एक निवृत्त पोस्टमन, गिटारवर दोघं, आणि मध्ये खुर्चीत त्या जांभळ्या टोपीच्या आजी, ओंजळीत माइक धरून.

पहिली दहा मिनिटं मी गाणं ऐकलंच नाही. शिट्टी येते का याकडेच माझं लक्ष. एकदा आली. पोस्टमनने वाकून त्यांच्या कानात काही सांगितलं तेव्हा. आजींनी हसून त्याला हाताने दूर केलं आणि पुढे वाजवलं. मग मी पाठ टेकून बसले. आवाज त्या एवढ्याशा वाद्यातून येतोय यावर विश्वास बसत नव्हता. भरड, रुंद, ढकलत पुढे जाणारा. बारपाशी बोलणारी माणसं गप्प झाली.

"काय वाजवून राहिली ही बाई!" सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या चिप्स गार झाल्या होत्या.

मध्यंतरात आजी आमच्या टेबलाशी आल्या. सासूबाईंनी त्यांचा हात धरला आणि मला म्हणाल्या, "हिला विचार, माहेरची आठवण येते का?"

मी अडले. माहेरला काय म्हणायचं? शेवटी म्हटलं, "त्या विचारतायत, तुमच्या आईच्या घराची आठवण येते का."

आजींनी उत्तर मला न देता सासूबाईंकडे बघून दिलं. "ते घर पाडलं. तो बाजारही तिथून हलवला. आता तिथे काय आहे ते मला माहीत नाही, मी बघायलाच गेले नाही."

मी मराठीत सांगितलं. सासूबाईंनी आजींचा हात सोडला नाही. मग त्यांनी मराठीतच, सरळ आजींना सांगितलं, "घर नसेना का. माणसं असतील ना कुणी? जाऊन ये."

मी भाषांतर केलं. आजी हसल्या, सासूबाईंच्या प्लेटमधली एक गार चिप उचलून खाल्ली आणि परत वाजवायला गेल्या.

आमच्या क्लिनिकच्या फॉर्मवर आता एक प्रश्न जास्त आहे: तुम्ही गाता किंवा काही वाजवता का? तो घालावा म्हणून मी मीटिंगमध्ये बोलले, मनात आधी वाक्य न जुळवता. कुणी हरकत घेतली नाही. गोदीतल्या त्या म्हाताऱ्या पेशंटपैकी किती जण चर्चमध्ये गातात हे मला त्यानंतर कळलं.

सासूबाई नागपूरला परतल्या. पुढच्या वसंतात आजी मशीनच्या नळ्या बदलायला आल्या, तेव्हा त्यांनी सांगितलं की लेकीबरोबर पंधरा दिवस शिकागोला जाऊन आल्या.

"बाजाराची जागा बघितलीत?"

"बघितली. गाड्या उभ्या असतात." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पण माझ्या चुलतभावाची नात आहे, नर्स आहे. तिच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. ती भराभर बोलते, शब्द गिळते, मधेच हसते. आमच्या गल्लीतल्या मुली अगदी अशाच बोलायच्या. इतक्या वर्षांत माझ्याशी तसं कुणी बोललं नव्हतं. दोन तास बोलत होती, आणि मी एकदाही 'काय?' म्हटलं नाही."

"कुठल्या प्रोग्रामवर ऐकलंत?" मी सवयीने विचारलं.

"संगीताच्या," त्या म्हणाल्या. "रोजच्या प्रोग्रामवर ती फार सभ्य वाटत होती."

मी ते फाइलमध्ये लिहून घेतलं, नळ्या बदलल्या आणि त्यांना सहा महिन्यांनंतरची तारीख दिली.