चौदा एकरीतले खिळे

टपाल वाटायची नोकरी संपून बारा वर्षं झाली तरी थेल्मा गुडरमची चाल टपालवालीचीच राहिली होती. मान खाली, खांदे पुढे, आणि वाटेत कुणी हटकलं तर पाय चालू ठेवूनच उत्तर. खांद्यावरची पिशवी गेली आणि हातात मेटल डिटेक्टर आला, एवढाच फरक. इंग्लंडमधल्या नॉरफकातल्या थॉर्पवेल गावाला त्याचं नवल नव्हतं. तिथे चार घरांत एका घराच्या दाराआड असलं यंत्र चिखल माखून उभं असतंच.

तिचा जोडीदार सिरिल लार्टर. ट्रॅक्टर दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला, त्यातच गुडघे गेले, जीभ तेवढी शाबूत राहिली. दोघं मिळून अकरा वर्षं एल्डसांचं चौदा एकरी शेत धुंडाळत होती. कापणी झाली की पेरणीपर्यंत जेवढे दिवस मिळतील तेवढे. निघेल त्यातलं निम्मं मालकाचं, खड्डा होता तसा बुजवायचा, जाताना फाटक लावायचं. एवढं हातात हात देऊन ठरलेलं; त्याला कागद कधी लागला नाही.

शेताच्या वरच्या कोपऱ्यात चांदीची जुनी नाणी, पट्ट्याची बक्कलं, शिशाची वजनं निघत आली होती. चर्चच्या दप्तरात सातशे वर्षांमागच्या एका वाडीचं नाव होतं, पण ती कुठे होती ते कुणालाच सांगता येत नव्हतं. ती इथेच, असं थेल्मा म्हणायची. सिरिलच्या मते तिथून जत्रेतले दारुडे जात असत आणि त्यांचे खिसे फाटके होते.

त्या सप्टेंबरात मालक ह्यू एल्डसने नेमक्या त्याच कोपऱ्यात शेततळ्याच्या खुंट्या ठोकल्या. दोन उन्हाळे त्याचा बटाटा करपला होता, त्याला तरी नावं काय ठेवायची. थेल्मा तडक जिल्ह्याच्या गावी मिस पेटिफरकडे गेली. जुन्या वस्तूंची नोंद त्या बाई ठेवायच्या. अकरा वर्षांची कमाई तिने टेबलावर मांडली. बाईंनी सगळं मायेने पाहिलं आणि सरळ सांगितलं, की नाणं चालत्या माणसाच्या खिशातून कुठेही पडतं. घर दाखवा, त्याच दिवशी जागा राखायचं पत्र देते. ह्यूचंही म्हणणं तेच. पत्र आलं तर तळं खाली सरकवीन, नाही आलं तर पुढल्या सोमवारी पोकलेन येणार. मधे नऊ दिवस होते.

परतीच्या बसमध्ये थेल्मा खिडकीबाहेर बघत बसली. पडलेल्या घराचं काय उरतं? लाकूड कुजतं, छपराचं गवत कुजतं, मातीची भिंत मातीला मिळते. उरतात ते दाराखिडक्यांचे खिळे. आणि खिळे म्हणजे लोखंड. दोघांची यंत्रं पहिल्या दिवसापासून लोखंडाला मुकी करून ठेवलेली. सगळेच तसं करतात, नाहीतर कानात दिवसभर डुरकणं ऐकत बसावं लागतं. तरी एखादा खिळा वर आलाच, तर टायरात घुसायला नको म्हणून सिरिल तो कुंपणापलीकडच्या ओढ्यात भिरकावायचा. ज्या घराचा शोध चालला होता त्याचाच थोडाथोडा भाग दोघं अकरा वर्षं ओढ्यात टाकत होती.

शनिवारी सकाळी तिने सिरिलच्या यंत्राची कळ स्वतःच्या हाताने फिरवली. हेडफोन लावताच तो कळवळला.

"म्हातारे, अगं हे डुकरांच्या गोठ्यात कान घातल्यागत वाटतंय."

"वाटू दे. डुरकलं की काडी रोवायची. खणायचं नाही."

"आणि चांदी वाजली तर?"

"तिलाही थांबायला सांग."

कबाब भाजायच्या बांबूच्या काड्या तिने दुकानातून होत्या तेवढ्या उचलून आणल्या होत्या. प्रत्येकीच्या टोकाला गवताचे गठ्ठे बांधायच्या निळ्या सुतळीचा तुकडा. कोपऱ्यात दोऱ्या ताणून तीन-तीन फुटांचे पट्टे पाडले आणि एकेका पट्ट्यातून दोघं गोगलगाईसारखी सरकू लागली. धसकटं पोटऱ्यांना ओरबाडत होती. दुपारी बांधावर चीज-लोणच्याचं सँडविच आणि फ्लास्कमधला चहा, की पुन्हा पट्ट्यात. कुत्री फिरवायला येणारी माणसं कुंपणावरून विचारायची, काय पेरलंय? सिरिल सांगायचा, सुतळी. यंदा भाव आहे.

चौथ्या दिवशी त्याच्या कानात गोड, बारीक सूर वाजला. तिची पाठ वळलेली बघून तो गुडघ्यावर बसलाच. नखाएवढा चांदीचा पेनी निघाला, कुणीतरी सुटे पैसे करायला मधोमध कापलेला. थेल्मा मागे येऊन उभी होती. तिने नाणं पाहिलं, छान आहे म्हणाली, आणि खणताना त्याने उपटलेली काडी कुठे होती ते विचारलं. सिरिलला आठवेना. तिने तो अख्खा पट्टा पुन्हा चालायला लावला. त्या संध्याकाळी सिरिल 'येतो' न म्हणता घरी गेला. दुसऱ्या दिवशी तिच्याआधी फाटकाशी हजर होता. गुडघ्याला दोन पट्टे बांधलेले, आणि रात्री बायकोकडून बांधून घेतलेल्या दोनशे काड्या काखेत.

सहाव्या दिवशी पाऊस, सातव्या दिवशी वारा. वाऱ्याने पाडलेल्या काड्या भोकं शोधून परत रोवल्या. रविवारी मिस पेटिफर गमबूट चढवून आल्या तेव्हा सहाशेवर काड्या उभ्या होत्या, आणि जमिनीवरून बघताना तो नुसता निळा पसारा दिसत होता. बाईंनी वही उघडलीच नाही.

ह्यू फाटकाशी ट्रॅक्टर घेऊन उभा होता. त्याच्याच मनात काय आलं कोण जाणे. ट्रॅक्टरपुढच्या लोडरची माती उचलायची बादली त्याने खाली टेकवली. "दोघी बसा हिच्यात. वरून बघा."

बादली झुलत वर गेली. थेल्माने कडा घट्ट धरली आणि खाली पाहिलं. पसारा राहिला नव्हता. निळ्या ठिपक्यांचा लांबोळका चौकोन होता, कडेला दाट, आत विरळ. पलीकडे दुसरा, लहान. मोठ्याच्या एका लांब बाजूला मधोमध ठिपक्यांची गर्दी झाली होती.

"तिथे दार," थेल्मा म्हणाली.

मिस पेटिफरनी बादलीतच वही गुडघ्यावर ठेवली आणि लिहायला घेतलं. पत्र त्यांनी तिथेच वहीतून फाडून खाली ह्यूच्या हातात दिलं.

ह्यूने ते दोनदा वाचलं. मान खाजवली, आणि जाऊन पहिली खुंटी उपटली. "मिसेस गुडरम, पन्नास पावलं उताराकडे. चालेल?"

थेल्मा मोजत निघाली. पन्नास झाली तरी थांबली नाही. पंचावन्नला टाच रोवून उभी राहिली.

"पाच जास्त झाली," ह्यू म्हणाला.

"माझी पावलं आखूड आहेत," थेल्मा म्हणाली. "ठोक इथेच."