पुकाकीपर्यंत नेलेला तांब्या

सुलू, जून-जुलैत इथे कडाक्याची थंडी असते. हे तुला तीनदा सांगून झालंय, तरी परवा फोनवर विचारलंसच, "मामी, उकाडा कसाय तिकडे?" म्हणून ही पोस्ट तुझ्यापासूनच सुरू करते. बाकीच्या वाचणाऱ्यांनीही लोकरीचे मोजे दोन जोड आणि कानटोपी लिहून ठेवावी. मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि माझी सून स्वाती टाईप करते. त्यामुळे मला सगळं लक्षात ठेवावं लागतं. तुम्हाला लिहिता येतं, म्हणून तुम्ही विसरता.

ह्यांनी तीस वर्षं एस.टी. चालवली, त्यातली निम्मी पसरणीच्या घाटात. गेल्या वर्षी आम्ही दोघं मुलाकडे, मिलिंदकडे, ऑकलंडला राहायला आलो. मिलिंदने दक्षिण बेटावरच्या पुकाकी तलावाचा फोटो दाखवला. हे म्हणाले, "पाणी एवढं निळं नसतं. फोटोला रंग दिलाय. जवळ जाऊन बघितल्याशिवाय मी मानणार नाही." मिलिंदने लगेच तिकिटं काढली. निघायला बारा दिवस राहिले होते, तेव्हा हे गेले.

दहन इथेच झालं. अस्थी तांब्यात घालून, तोंडाला पांढरं फडकं बांधून, मी कपाटात ठेवल्या. गावाहून, वाईहून, सगळे सांगत होते, अस्थी घरात ठेवू नयेत. मिलिंद दोनदा वाईला न्यायला तयार झाला, दोन्ही वेळा मीच मोडता घातला. आता वर्षश्राद्ध तीन आठवड्यांवर आलं आणि मी ठरवलं, ह्यांना पुकाकीतच सोडायचं. पाणी ते पाणी. ते कृष्णेचं असलं काय आणि परक्या मुलखातलं असलं काय.

स्वातीला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी आणि मिलिंद दोघंच निघालो. क्राइस्टचर्चपर्यंत विमानाने सव्वा तास. तांब्या माझ्या मांडीवर. असं काही न्यायचं असेल तर दहनाचा दाखला हाताशी ठेवा. तपासणीच्या माणसाने तो वाचला, तांब्या दोन्ही हातांनी परत दिला आणि रांगेतल्या लोकांना थांबवून आधी मला जाऊ दिलं.

पुढे भाड्याची गाडी. हिवाळ्यात गाडीबरोबर बर्फात चाकांना लावायच्या साखळ्या मागून घ्या, आणि घेतल्यावर त्या लावायच्या कशा तेही विचारा. आमच्या इंजिनिअर चिरंजीवांनी विचारलं नव्हतं. पहिले दोन तास सपाट माळ आणि मेंढ्या. फेअरली गावात पेट्रोल भरून घ्या, पुढे पंप लांब लांब आहेत. तिथे पाय, म्हणजे मटणाचं सारण भरलेली भाजकी कचोरीच, छान मिळतो म्हणतात, सात-आठ डॉलरला. मिलिंदने खाल्ला. मी गाडीत बसून दशमी आणि लसणाची चटणी खाल्ली, आणि वासावरून ज्याला त्याला कळलं कोण आलंय ते.

मग बर्क्स पासचा घाट. सावलीतल्या वळणावर रस्ता नुसता ओला दिसतो, पण तो बर्फ असतो. मिलिंदने ब्रेक दाबला आणि गाडी हातभर तिरकी सरकली.

"ब्रेकवरचा पाय काढ," मी म्हटलं.

"आई, तुला गाडी येते का?"

"गाडी येत नाही. पण तुझ्या बापामागच्या सीटवर बसून किती घाट उतरलेय मी."

त्याने पाय काढला. गाडी सरळ झाली. मी तांब्यावरचा हात काढला नव्हता.

दिवस लहान आहे, पाचच्या आत अंधारतं. घाटात सकाळी दहाच्या आधी शिरू नका. आम्ही ट्वायझल गावात मोटेलला उतरलो, दोनशे डॉलर रात्रीचे, चूल-भांडी खोलीतच. मोटेल चालवणारी अरोहा साठीची, इथली मूळची माओरी बाई. "किया ओरा," म्हणाली, म्हणजे त्यांचा नमस्कार, आणि माझ्या हातातल्या तांब्याकडे बघून हळू आवाजात काहीतरी विचारलं.

"विचारतेय, हे कोण आहेत," मिलिंद म्हणाला.

काय आहे असं नाही विचारलं. कोण आहेत.

"सांग, माझे यजमान. आणि विचार, तलावात वाहतं पाणी कुठे आहे. सकाळी सोडायचंय."

मिलिंदने सांगितलं. अरोहाने खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसली आणि बराच वेळ बोलली. आवाज चढला नाही. मिलिंद मान खाली घालून ऐकत होता.

"म्हणते, नको करायला," तो म्हणाला.

"एवढं मोठं बोलली आणि तुझ्याकडे दोनच शब्द? सगळं सांग."

"ते पाणी त्यांचं जेवण आहे, आई. मासे, वाम तिथूनच खातात. जिथून जेवण येतं तिथे गेलेलं माणूस ठेवत नाहीत. आणि समोरचा आओराकी डोंगर त्यांचा पूर्वज आहे." मग चाचरत म्हणाला, "पण पहाटे गेलो तर कोणी बघणार नाही."

वर्षभर अडवून धरलं होतं, आता कुठे सोडायला तयार झाले, आणि वाट बंद. पण मला माहेरची प्यायच्या पाण्याची विहीर आठवली. तिच्यात कोणी परका असा तांब्या रिकामा करायला आला असता, तर मी शिव्या दिल्या असत्या. पहाटे आला असता तर दुप्पट.

"तिला सांग, नाही करणार," मी म्हटलं. "आणि तू हे चोरीचं कुठे शिकलास?"

अरोहाने माझा हात धरला. त्यांच्यात म्हणे गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन त्याच्या ओळखीच्या ठिकाणी जातात. तिथली माणसं त्याच्याशी बोलतात, रडतात, जेवतात, आणि फोटो परत घरी आणतात. "तुम्ही त्यांना सोडायला आला नाहीत," ती म्हणाली, "दाखवायला आलात."

सकाळी दहाला तलावावर गेलो. पलीकडे आओराकी पांढराशुभ्र, इकडून तिकडून एक आवाज नाही. काठावर गोटे आहेत, म्हाताऱ्या माणसाने काठी घ्यावी. मी एका धोंड्यावर बसले आणि तांब्या तलावाकडे तोंड करून मांडीवर धरला. मिलिंद जरा लांब, पाठ करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. वर्षात पहिल्यांदा. मी हाक मारली नाही.

"अहो," मी म्हटलं, "निळंच आहे. रंग दिलेला नाही. हरलात."

तासभर बसलो. पाण्याला बोटसुद्धा लावलं नाही.

आता घरी येऊन चार दिवस झाले. तांब्या परत कपाटात आहे, पण मी दार उघडं ठेवते. दिवाळीनंतर मी स्वतः घेऊन वाईला येणार आहे, कृष्णेवर. तिथे आमचं पाणी आहे, तिथे कोणाला विचारायला नको. कोणी म्हणेल, एवढा खर्च करून गेलात आणि तसेच परत आलात. तसेच नाही आलो. ह्यांचं बघायचं राहिलं होतं, ते बघून झालं.

वर्षश्राद्ध इथेच करू. सुलू, त्याच्या आत सांडग्या मिरच्या पाठव. पार्सलवर आत काय आहे ते ठसठशीत लिही, मागच्या वेळी विसरलीस आणि तपासणीत अडकलं. आणि मामांच्या बीपीमुळे मी तुला मीठ कमी घालायला सांगायचे, ते आता विसर. भरपूर घाल.