चौकीतला डबा

घरी नातीबरोबर सिनेमा पाहत होतो. पुढच्या काळातलं शहर, पाण्यावर सरकारी पहारा. नायकानं पहारेकऱ्यांची चौकी उडवली तशी सईनं टाळ्या वाजवल्या. मला मात्र स्फोटाआधी क्षणभर दिसलेला, टेबलावरचा जेवणाचा उघडा डबाच दिसत राहिला.

"आजोबा, तुम्हीपण बस जाळली होतीत ना? भारी!"

जाळली होती. गावाच्या पाण्यासाठीच्या आंदोलनात. आधी सगळे प्रवासी उतरवले, एका म्हातारीचं गाठोडंही हातानं खाली दिलं. त्या सभ्यपणाचा आम्हाला फार अभिमान. कंडक्टर तिकिटांची पेटी आणायला पुन्हा आत चढला, हे मी पाहिलं होतं. तरी पेटती काडी हातातून सुटली. की मी सोडली? त्याचे दोन्ही हात भाजले. पुढे गावाला पाणी मिळालं आणि प्रत्येक सभेत मी सांगत आलो, कुणाला खरचटलंही नाही.

ते पाणी खरं, ते हातही खरे. कशानं काय फिटतं, मला अजून कळत नाही.

"पण आत कुणी नव्हतं ना?" सईनं विचारलं.

"होता. कंडक्टर."

तिनं सिनेमा थांबवला. मग मागे नेऊन चौकी पुन्हा उभी केली. डबा तिथंच होता, अर्ध्या भाकरीसकट.