नातीची मायनर

२०२४ साल, जूनची अखेर, शेतात उसाला माती लावून भरणी चालू. तेव्हापासून हे किस्से साठत गेले. मी सातवी शिकलेला, फौजेतून निवृत्त. गोष्टी गोळा करणं माझं काम नाही. पण घरातली पोरगी कॉलेजात गेली की त्या आपोआप जमतात.

*

सांगलीहून नात अनुजाचा फोन आला. "आबा, मी मायनर घेतली!"

आमच्या शिराळ्याकडं मायनर म्हणजे कालव्याचा लहान फाटा. मी विचारलं, "पाणी किती दिवसांनी सुटतंय?"

ती हसतच सुटली. मेजर म्हणजे मुख्य विषय, तो इतिहास. मायनर म्हणजे जोडविषय, तो आंतरराष्ट्रीय अभ्यास.

"मग सरळ विषय म्हण की!" मी फोन ठेवला.

*

गावात प्रत्येक फौजीला मेजर म्हणतात. डेअरीवर शेजारचा शिवा म्हणाला, "आवं मेजर, घरात आता मायनर बी आली म्हणं!"

"मेजर कुठला, मी नाईक होतो. वाढवून बोलू नको."

"असू द्या. नातीचं तर खरं हाय न्हवं?"

*

सुट्टीत अनुजानं जगाचा नकाशा आणला आणि देव्हाऱ्याच्या वर लावला. देवाच्या डोक्यावर अमेरिका! मी हुकूम दिला, "खाली घे."

तिनं तो स्वयंपाकघरात लावला. खालचा अंटार्क्टिका पिठाच्या डब्यामागं गेला.

सून म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तिथं तसंबी पांढरंच असतंय!"

*

दिवाळीनंतर तिला परदेशात काम केलेल्या माणसाची मुलाखत हवी होती. "आबा, तुमी सोमालियात हुता की. शांतिसेनेत."

मी नाही म्हटलं. तीन दिवस नाहीच म्हटलं. चौथ्या दिवशी सांगितलं.

१९९४. आमची गाडी माळावर बंद पडली. पाणी संपलं. एक बाई झोपडीतून कॅन घेऊन आली. तिची पोरं मागं उभी होती. तिनं आधी मला पाजलं. मला भाषा येत नव्हती, आभारसुद्धा मानता आले नाहीत. खुणेनं सांगितलं, परत येईन. तुकडी दुसरीकडं हलली. गेलो नाही.

"शब्द मोडलेल्या माणसानं मुलाखत काय द्यायची?"

अनुजानं मोबाईलवर काहीतरी शोधलं. मग म्हणाली, "आबा, त्यांच्याकडं आभाराला एकच शब्द हाय. महदसनिद. पाठ करा."

"ह्या वयात?"

"फौजेत हुकूम पाठ करत हुता न्हवं?"

*

बांधावर पाठ करत होतो. शिवा धावत आला. "मेजर, मंतर कसला म्हणताय? साप चावला काय?"

*

फेब्रुवारीत सांगलीत विश्रामबागला तिच्या कॉलेजात गेलो. मायनरच्या वर्गाचा सोमालियातल्या एका कॉलेजशी व्हिडिओवर तास होता. तिकडची एक विद्यार्थिनी घरूनच बसली होती. अनुजानं इंग्रजीत पाठवलेली माझी मुलाखत तिनं आपल्या आजीला वाचून दाखवली होती. आजी शेजारी होती. डोक्यावरून पदर घ्यावा तसं कापड.

ती बाई ही नव्हे, हे मला माहीत होतं.

मी उभा राहिलो. सावधान. म्हणालो, "महदसनिद."

पलीकडं आजी पुढं झुकली. मग आजी काहीतरी बोलली. तिच्या नातीनं ते इंग्रजीत सांगितलं, माझ्या नातीनं मराठीत.

"आबा, त्या इचारत्यात, आज तरी पाणी प्यालासा का?"

सगळा वर्ग हसला. अनुजानं बाटली पुढं केली. मी सगळ्यांसमोर प्यालो.

आजी बघत होती. माझी बाटली खाली आली तशी दोनच शब्द बोलली.

"काय म्हणत्यात?" मी विचारलं.

"देणं फिटलं म्हणत्यात, आबा."