सानाच्या बाजूने चाचा

मी आयुष्यात एकदाच चाचा म्हणून बसलो, आणि त्या एका बैठकीत सानाचं लग्न मोडायला आलं होतं.

सानाच्या घरच्या उर्दूत चाचा म्हणजे वडिलांचा भाऊ, आमच्यातला काका. तिचा सख्खा चाचा दुबईला. मी कोपरखैरण्याला, समोरच्याच फ्लॅटमध्ये, म्हणून लहानपणापासून ती मलाच चाचा म्हणते. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी तिचे वडील, सलीमभाई, म्हणाले, "आमच्या घरात मुलीचा बाप गप्प बसतो, चाचा बोलतो. उद्या तुम्ही बसा."

"टेन्शन नको," मी म्हटलं. (इथेच बायकोने मला घरात ओढायला हवं होतं.)

मुलगा बेलापूरला सानाच्याच ऑफिसात. दोघांचं कधीच ठरलेलं, फक्त त्याच्या घरच्यांचा होकार बाकी होता. साना हळूच म्हणाली, "चाचा, बिघडवू नका हं."

आता मुलीकडच्यांनी नमतं घ्यायचं, हे आमच्याकडचं वळण. माझ्या बहिणीच्या वेळी काकांनी हात जोडून म्हटलं होतं, "पोरीला काही येत नाही, सांभाळून घ्या." पाहुणे लगेच "छे छे" म्हणाले होते.

मीही हात जोडले. "सानाला स्वयंपाक येत नाही."

कोणी छे छे म्हणालं नाही. मुलाच्या आईने फिरनीची वाटी खाली ठेवली.

मला वाटलं, नम्रता कमी पडली. "चहा उतू घालवते. सकाळी उठत नाही. रागावली की असं दार आपटते, आमच्या भिंतीवरचं घड्याळ पडतं."

सलीमभाई घरच्या रीतीप्रमाणे गप्पच होते. आतल्या खोलीचं दार धाडकन आपटलं.

तेवढ्यात मुलाचा चाचा खाकरला. "आमचा पोरगा पण काय कमी नाय. गाडी कुठे लावली ते विसरतो. घोरतो तर असा, की खालच्या मजल्यावरून तक्रार येते."

"भाईजान, हे काय बोलताय?" मुलाची आई म्हणाली.

"त्यांनी खरं सांगितलं, मग आपण का लपवायचं?"

ती त्याच्याकडे बघत राहिली, मग हसली, आणि तिने फिरनी परत उचलली. लग्न ठरलं.

आता सासरी सानाचा चहा उतू गेला की सासूबाई म्हणतात, "चाचांनी सांगितलं होतं." खरं बोलणारा माणूस म्हणून तिथे मला फार मान आहे.

पुढच्या महिन्यात माझ्या स्वतःच्या मुलीला बघायला येणार आहेत. तिने सगळं ठरवून टाकलंय. काका म्हणून बोलायला सलीमभाई बसतील. मी खाली पाहुण्यांच्या गाड्या लावायच्या.